शेळगावच्या खिरीचा पंचनामा

माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तीन वर्षं पिकत होता. डॉक्टर म्हणत, काढून टाका. मी म्हणे, अजून थोडा पिकू द्या. खरी गोष्ट अशी, की बारामतीत दर वर्षी होळीच्या आधी एक मोफत शिबिर भरायचं आणि दोनदा माझा नंबर हुकला होता. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. पेन्शन वेळेवर येत होती, घर स्वतःचं होतं, मुलगा बुद्धघोष पुण्याला नोकरीत रुळला होता. पण जी गोष्ट एखादी संस्था आपण होऊन फुकट करून देते, तिच्यासाठी खिशात हात घालणं म्हणजे त्या संस्थेचा अवमान, असं माझं प्रामाणिक मत होतं.

सत्त्याण्णव साली, तिसऱ्या खेपेला, नंबर लागला. ऑपरेशन झालं. मी डोळा चोळायला जातो हे लक्षात आल्यावर डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एका शाळेच्या वर्गात मांडलेल्या खाटेवर मला निजवलं. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरही एक म्हातारा होता. तो पलीकडच्या माणसाशी बोलत होता आणि बोलण्यावरून कळलं, की तो शेळगावचा आहे. शेळगाव हे माझं जन्मगाव. मी ओळख दिली नाही. ओळख दिली असती तर माझ्या पत्नीनं, सारजानं, बांधून दिलेल्या दशम्या वाटून खाव्या लागल्या असत्या.

त्यांच्या गप्पा फिरत फिरत कंजूष लोकांवर आल्या.

"आमच्या गावचा एक क्लार्क हाय हितं बारामतीत," म्हातारा म्हणाला. "ज्ञानदेव नाव. धा वर्सं झाली, सख्ख्या बहिणीच्या दारात गेला न्हाय."

पलीकडच्यानं विचारलं, भांडण झालं का.

"भांडण न्हाय. भांडायला बी समोरच्याला कायतरी द्यावं लागतं." मग तो म्हणाला, "मानूस वाईट न्हाय तसा. पर उद्या त्याच्या माघारी चार शब्द बोलायची पाळी आली तर काय बोलायचं, ह्ये गावाला सुचायचं न्हाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला आणि झोपी गेला. मी मात्र पट्टीखाली जागा राहिलो आणि आपण आयुष्यात कुणाला काय दिलं, ते आठवू लागलो. आठवायला भरपूर वेळ होता. संध्याकाळच्या चहापर्यंत एकच नोंद सापडली: एका शिपायाला मी एकदा टाचणी दिली होती. ती त्यानं परत केली होती.

घरी आल्यावर एक आठवडा गेला. मग सारजाला सांगितलं, की येत्या बुद्ध पौर्णिमेला शेळगावच्या विहारात आपण खीरदान करायचं. तिनं हातातली परात खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि शेजारी जाऊन नीळकंठरावांना बोलावून आणलं.

नीळकंठराव हे निवृत्त मुख्याध्यापक, वर्षानुवर्षांचे शेजारी. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं मत पडलं, की विचार स्तुत्य आहे, परंतु या वयात प्रकृतीला एकदम बदल मानवत नाही. आधी चहापासून सुरुवात करावी, पंधरा दिवस ते सोसतं का पाहावं आणि मग दुधाच्या पदार्थांकडे वळावं. मी म्हटलं, आजच या. संध्याकाळी ते पत्नीला, अनसूयाबाईंना, घेऊन आले. दोघांनी चहा घेतला, पण घोटाघोटाला ते माझ्याकडे पाहत होते. जाताना अनसूयाबाईंनी सारजाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की डॉक्टरांनी ह्यांच्याबद्दल काही मुदत वगैरे सांगितली आहे का. मला ते ऐकू आलं. माझा डोळा अधू होता, कान शाबूत होते.

माझा बेत तसा लहान होता. विहाराजवळच्या वस्तीतली चाळीसेक माणसं, एक पातेलं खीर, वंदना, भोजनदान, आणि परतीची एस.टी. मी शेळगावला गेलो तर विहार समितीचे प्रमुख म्हणून जे आबाजी पुढं आले, त्यांच्या डोळ्यावर हिरवं फडकं होतं आणि आवाज शेजारच्या खाटेवरचा होता. त्यांनी मला ओळखलं ते लहानपणीच्या ओळखीनं. खाटेचं त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही बोललो नाही. जयभीम झाला. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पौर्णिमेच्या खिरीला माणसं मोजायची नसतात, जो येईल त्याला वाढायची असते. मी चाळीसचे सत्तर केले. त्यांनी मान हलवली नाही. मी शंभर म्हटलं आणि तिथं प्रथमच पाणी मागितलं.

दुधासाठी डेअरीत गेलो. जादा दुधासाठी अर्ज लागतो, असं तिथल्या बाबूंनी सांगितलं. अर्जाचं मला काय भय? तेहतीस वर्षांत मी अर्जच खाल्ले होते. पण त्या छापील अर्जात 'कारण' या रकान्यापुढं तीनच गोष्टी होत्या: लग्न, बारसं, वर्षश्राद्ध. मी म्हणालो, यातलं काही नाही. बाबू म्हणाले, मग दूध कशाला? मी सांगितलं, लोकांना द्यायला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अत्यंत मृदू आवाजात विचारलं, "घरातलं कोण गेलं?" शेवटी मीच त्यांना चौथा रकाना आखून दिला, त्यावर 'इतर' असं लिहिलं आणि त्यात खूण केली. माझ्या आखणीचं त्यांनी कौतुक केलं. पुढं ते रकाने तसेच छापून घेतल्याचं मला कळलं आहे.

एक काम मात्र मी पाऊण महिना टाळलं. माझी थोरली बहीण अक्काबाई कळसला राहते. तिला बोलावणं तोंडानं करायला हवं होतं. कळसला एस.टी. जाते, रस्ता चांगला आहे, सबब म्हणून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही मी पोस्टकार्ड टाकलं. त्यावर लिहिलं: पौर्णिमेला शेळगावात खीर आहे, येणे.

आता त्या वर्षी शेळगावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि मतदान पौर्णिमेनंतर चारच दिवसांनी होतं. ही गोष्ट माझ्या गावी नव्हती, कारण माझं मत बारामतीला. गावात दोन पॅनल उभी होती. ज्ञानदेव क्लार्क खीर घालतोय म्हटल्यावर पहिल्या पॅनलनं ठरवलं, की त्याला दुसऱ्यानं उभं केलंय. दुसऱ्या पॅनलची पहिल्याबद्दल तीच खात्री झाली. मी स्वतःच्या पैशानं घालतो आहे, ही शक्यता एकाही सुज्ञ माणसाच्या मनात आली नाही. उलट पॅनलची खीर म्हणजे आपल्या हक्काची खीर, असं म्हणून वाड्यावस्त्यांवरून निरोप गेले. आबाजींचा निरोप आला, की तीनशे पानं धरा. मी पुन्हा डेअरीत गेलो. बाबूंनी काही न विचारता 'इतर'मध्ये खूण केली.

पौर्णिमेच्या सकाळी भामाबाईंनी विहारामागच्या लिंबाखाली चुलाण पेटवलं. गावातल्या मोठ्या कार्यांचा स्वयंपाक त्याच करतात. कढई एवढी, की तिच्यात मी उभा मावलो असतो. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मी पांढरा सदरा घालून पुढच्या रांगेत बसलो होतो आणि खरं सांगतो, मला आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. वंदना संपली, पंगती बसल्या, द्रोण मांडले, आणि फाट्यावरून एक सरकारी जीप आली.

त्यातून नायब तहसीलदार उतरले. माणूस तरुण, इस्त्रीचा, नियमाला धरून वागणारा. दोन्ही पॅनलच्या तक्रारी त्यांच्या हातात होत्या आणि दोन्हींतला मजकूर सारखा होता. मतदारांना जेवण घालून आचारसंहितेचा भंग केला जात आहे. त्यांनी विचारलं, खर्च कोणाचा? मी म्हणालो, माझा. कारण? मी म्हणालो, सहज.

"तीनशे लोकांना सहज कुणी जेवू घालत नाही," साहेब म्हणाले आणि कढईकडं बोट दाखवून हवालदाराला सांगितलं, की हा मुद्देमाल आहे, याला कुणी हात लावायचा नाही.

भामाबाईंनी सांगितलं, की ढवळली नाही तर खीर खाली लागंल. साहेब म्हणाले, मुद्देमालात फेरफार करता येणार नाही. भामाबाई म्हणाल्या, मंग जाळ काढते. जाळ काढायला पंचांसमक्ष परवानगी मिळाली. तेवढ्या वेळात खीर खाली लागलीच. करपल्याचा वास विहारात पसरला आणि तीनशे माणसं रिकाम्या द्रोणांपुढं मुकाट बसून राहिली.

तेव्हा आबाजी उठले. ते म्हणाले, साहेब, ह्या माणसावर तुमी मतं इकत घेतल्याचा आळ घेताय, पर ह्याला वळखणाऱ्या कुनाला बी इचारा. ह्यो घेनारा न्हाय, कारण ह्यो देनारा न्हाय. साहेबांना मुद्दा कायदेशीर वाटला. असं असेल तर जबाब नोंदवावे लागतील, असं ते म्हणाले. पण त्यांचा लेखनिक ऊन लागून इंदापुरात झोपला होता आणि हवालदाराचं अक्षर हवालदारालाच लागत नव्हतं. जमलेल्यांत पंचनाम्याचा नमुना तोंडपाठ असलेला, सुवाच्य अक्षराचा, निवृत्त सरकारी नोकर एकच होता.

मी सतरंजीवर मांडी घातली, गुडघ्यावर फळी घेतली आणि स्वतःच्या कंजूषपणाचे जबाब स्वतःच्या हातानं लिहू लागलो.

आबाजींचा पहिला. सदर इसम गावी आल्यास कोणाच्याही घरी पाणी पीत नाही, कारण प्यायल्यास पुढे पाजावे लागेल अशी त्यास भीती वाटते. सिद्धू शिंप्यानं सांगितलं, की सदर इसमाच्या एका शर्टाची कॉलर त्यानं तीन वेळा उलटून शिवली आहे, आणि चौथ्यांदा उलटायला बाजू उरली नाही तेव्हा इसमानं त्यालाच दोष दिला. रतन नावाचा शेतकरी म्हणाला, माझ्या लग्नात ह्यांनी वाहायची फुलं निम्मी खिशात घालून नेली. हे वस्तुस्थितीला सोडून होतं. त्या दिवशी मला दुसरंही लग्न होतं. परंतु साक्षीदाराचा जबाब जसाच्या तसा घ्यायचा असतो, मध्ये आपलं बोलायचं नसतं. मी लिहिलं. फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारलं.

आधी लोक संकोचत होते. मग रांग लागली. जे मी विसरलो होतो तेही त्यांच्या लक्षात होतं. कुणी हसत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. ती माणसं मला वाचवायला आली होती. मला सोडवून आणायचं म्हणून प्रत्येक जण घरातली जुनी वस्तू शोधावी तशी माझी एकेक गोष्ट शोधून आणत होता. माझा हात दुखायला लागला. साहेबांनी विचारलं, अजून कोणी?

"मी हाय," मागून आवाज आला. "मी बहीण हाय ह्याची."

अक्का कळसहून आली होती. फाट्यावरून चालत आलेली, पदरानं तोंड पुसत ती पुढं आली आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसली. दहा वर्षांत तिचे केस पार पांढरे झाले होते. ती माझ्याकडं पाहत नव्हती, कागदाकडं पाहत होती.

"लिही," ती म्हणाली.

मी लिहू लागलो.

"माझी ज्योत्स्ना बारावीला हुती. कालिज बारामतीला. कळसवरनं रोज पहाटंच्या येष्टीनं जायची, दिवस मावळल्यावर यायची. बसाय जागा मिळायची न्हाय. ह्याच्या घरला एक खोली रिकामी हुती. मी ईचाराय गेले. पोरगी तिचं खाणं घिऊन यील म्हणलं. ह्यानं मला सांगितलं, खोलीत मानूस आलं की दिवा लागतो. मी उठून आले. पोरीनं साहा म्हयनं काढलं. मंग आजारी पडली, आन् कालिज सुटलं." ती थांबली. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचा असतो, हा नियमच आहे. मी वाचला. तेहतीस वर्षांत मी हजारो कागद मोठ्यानं वाचले असतील, पण 'दिवा लागतो' इथं आल्यावर पुढची ओळ वाचायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. साहेबांनी पाणी मागवलं. ते मी प्यायलो. अक्कानं कागदावर अंगठा उठवला आणि उठून बायकांत जाऊन बसली.

नायब तहसीलदारांनी सगळे जबाब वाचून निष्कर्ष सांगितला. तोही मीच लिहिला: सदर इसमाचा पूर्वेतिहास पाहता त्याने मतांसाठी खर्च केला असण्याची शक्यता दिसून येत नाही. सबब खीर निर्हेतुक आहे. खाली त्यांनी सही केली. हा निष्कर्ष चुकीचा होता. खिरीला हेतू होता आणि तो बायकांच्या पंगतीत तिसऱ्या जागेवर बसला होता. परंतु सहीनंतर खाडाखोड चालत नाही.

मग खीर वाढली. ती करपली होती. तीनशे माणसांनी ती निमूटपणे खाल्ली, साहेबांनीही एक द्रोण घेतला, आणि आबाजी पंगतीतून उठताना एवढंच म्हणाले, की वास हाय जरा, पर गोड हाय.

मी अक्काजवळ गेलो. काय बोलायचं ते महिनाभर घोकलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की खोली अजून रिकामी आहे.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "खोली मला नगं हुती. जिला हवी हुती ती घरी हाय. माझ्याबरबर चल आन् तिच्या तोंडावर सांग."

सारजा खिरीला आलेल्या नीळकंठरावांबरोबर बारामतीला परत गेली आणि मी अक्काच्या मागून एस.टी.त चढलो. बसायला जागा मिळाली नाही. कळसपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

ज्योत्स्नाचं घर आईच्या घराला लागूनच. नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला, पदरात दोन मुली. ती दारात धुणं वाळत घालत होती. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा दोन वेण्या होत्या. तिनं मला ओळखलं, पदर सावरला, पाणी आणून दिलं आणि पुन्हा धुण्याकडं वळली. मी तिच्या पाठीशी बोललो. म्हणालो, बाळा, माझं चुकलं. मी तुला घरात घ्यायला हवं होतं. दहा वर्षं मला ते माहीत आहे, आणि म्हणूनच मी आलो नाही.

तिनं उरलेलं धुणं वाळत घातलं. शेवटची चादर झटकून ती वळली.

"मामा, आता खोली घेऊन मी काय करू? माझा संसार हाय हितं."

मी मान हलवली.

"बारावीला बाहेरनं बसता येतं म्हणत्यात," ती पुढं म्हणाली. "सतरा नंबरचा फॉर्म असतो. मला कोण भरून देणार, म्हणून राहिलं. परीक्षेचं केंद्र बारामतीला येतं. पंधरा-वीस दिवस ऱ्हावं लागंल. आन् ह्या दोघींना सोडून मला येता येणार न्हाय."

"त्यांना घेऊन ये."

"धिंगाणा घालत्यात."

"घालू दे," मी म्हणालो.

मग आत जाऊन तिनं शाळा सोडल्याचा दाखला आणला. तो तिनं दहा वर्षं गहू-ज्वारीच्या कणगीमागं एका पिशवीत जपून ठेवला होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

फॉर्म मी भरला. एका शाळेत म्हणाले, मुदत संपली. दुसरीत म्हणाले, अजून सुरू झाली नाही. तिच्या वडिलांच्या नावात दाखल्यावर एक अक्षर आणि रेशनकार्डावर दुसरं. त्या एका अक्षरासाठी मी इंदापूरच्या कचेरीत पाच फेऱ्या मारल्या, आणि पाचव्या फेरीला मला बसायला खुर्ची देण्यात आली. विषय कलाशाखेचे घेतले. पुस्तकं मी दुकानातून, नवी, विकत आणली. दुकानदारानं विचारलं, जुनी दाखवू का, तेव्हा मला क्षणभर जड गेलं, हे नमूद केलं पाहिजे.

फेब्रुवारीत ती आली. वीस दिवस घरात दोन मुली होत्या. थोरली माझ्या चष्म्यावर बसली. धाकटी, पायल, हिनं तेहतीस वर्षं जपलेल्या माझ्या रबरी शिक्क्यांनी पुढच्या खोलीची भिंत भरून टाकली. हात पुरेल तिथवर सगळीकडं 'आवक' आणि 'जावक' उमटलं. सारजा पोळ्या लाटता लाटता गाणं म्हणायची. ती गाते, हे मला लग्नानंतर सदतीस वर्षांनी समजलं. सकाळी मी ज्योत्स्नाला केंद्रावर सोडायचो आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर इतर पालकांत उभा राहायचो. त्यांच्यात मीच सगळ्यात म्हातारा होतो.

निकाल त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस लागला. गुणपत्रिका आणायला मीच गेलो, कारण अर्ज माझ्या हातचा होता. मराठीत चांगले गुण होते, इतिहासात बरे, अर्थशास्त्रात काठावर. इंग्रजी राहिलं होतं. शाळेतल्या बाबूंनी सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका, ऑक्टोबरात पुन्हा बसता येईल. केंद्र तेच. एकच पेपर आहे, पण तोंडी परीक्षा धरून आठवडाभर तरी मुक्काम ठेवावा लागेल.

मी त्यांचे आभार मानले आणि कळसची एस.टी. धरली. वाटेत चेहरा शक्य तितका पाडून पाहिला. ज्योत्स्नाला धीर देताना तो तसाच राहावा, म्हणून मी फार प्रयत्न केला. पण तिनं गुणपत्रिका पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "मामा, तुमी हसताय का?"